मुक्तस्रोत सॉफ्टवेअर व आमचे व्यवहार

शेतकरी नांगर घेतो तेव्हां फाळ ठोकून पाहतो, बैल घेतो तेव्हां दांत पाहतो, आणि विहिरीवर पंप बसवावयाचा झाल्यास तो बिघडल्यावर दुरुस्त करणारा मनुष्य पंचक्रोशींत आहे कीं नाहीं याची चौकशी करितो. ही सावधगिरी आमच्या अंगवळणीं पडलेली आहे. परंतु अलीकडे आमच्या व्यवहारांत एक अशी वस्तु शिरली आहे कीं, तिच्याबद्दल पैसे मोजतांना यांपैकीं कोणतीच चौकशी होत नाहीं. ती वस्तु म्हणजे सॉफ्टवेअर. अर्थात् संगणकानें काय करावें हें त्यास सांगणारी आज्ञावली. सोसायटीचें खातेंपुस्तक, दूध-संकलन केंद्रावरील फॅटची नोंद, साखर कारखान्याची ऊस-नोंद, वजनकांट्याची पावती, इतकेंच नव्हे तर नव्या ट्रॅक्टरचें इंजिन, हीं सर्व आज या आज्ञावलीच्या हुकमतींत चालतात. तेव्हां ती आज्ञावली कोणाची, ती बिघडल्यास कोण दुरुस्त करणार, आणि विकणारा उद्यां दुकान बंद करून गेला तर आपलें काय होणार, हे प्रश्न विचारण्याची वेळ आलेली आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. सहकारी संस्थांनीं व शेतकऱ्यांच्या कंपन्यांनीं सॉफ्टवेअर घेतांना जेथवर शक्य असेल तेथवर मुक्तस्रोत सॉफ्टवेअर घ्यावें. तें फुकट मिळतें म्हणून नव्हे, तर त्यायोगें आपला व्यवहार दुसऱ्याच्या मुठींत जात नाहीं म्हणून. आणि ज्या अर्थीं तें सर्वांच्या उपयोगाचें आहे, त्या अर्थीं त्याच्या राखणीचा आपला वांटाही आपण उचलला पाहिजे. यांपैकीं पहिली गोष्ट लोकांस लवकर पटते. दुसरी बहुतेक विसरतात, आणि तेथेंच घात होतो.

मुक्तस्रोत म्हणजे काय, हें प्रथम सांगितलें पाहिजे. आज्ञावली लिहिणारा मनुष्य ती आरंभीं माणसास वाचतां येईल अशा शब्दांत लिहितो. हा तिचा मूळ लेख होय. मागाहून त्याचें रूपांतर यंत्रास समजणाऱ्या आंकड्यांत होतें. पुष्कळ विक्रेते गिऱ्हाइकास हें दुसरें रूप तेवढें देतात आणि मूळ लेख आपल्या तिजोरींत ठेवितात. गिऱ्हाइकाचें काम चालतें, पण तें कसें चालतें हें त्यास कळत नाहीं, आणि त्यांत फेरफार करणेंही त्याच्या हातीं राहत नाहीं. याच्या उलट, ज्या सॉफ्टवेअरचा मूळ लेख सर्वांस खुला असतो, आणि तें वाटेल त्या कामास वापरण्याची, तपासण्याची, सुधारण्याची व मूळची किंवा सुधारलेली प्रत दुसऱ्यास देण्याची मोकळीक परवान्यांतच लिहून दिलेली असते, त्यास इंग्रजींत ओपन सोर्स व मराठींत मुक्तस्रोत म्हणतात.

शेतकऱ्यास हा भेद बियाण्यावरून सहज उमजेल. संकरित वाणाचें पीक जोमदार येतें, परंतु त्याच पिकाचें बी धरून पुढील वर्षीं पेरलें तर गुण टिकत नाहींत. सबब दर हंगामास दुकानाची पायरी चढावी लागते. सरळ वाणाचें बी निवडून राखतां येतें, शेजाऱ्यास पायलीभर देतां येतें, आणि आपल्या जमिनीस मानवेल तसें वर्षानुवर्षें निवडीनें सुधारतां येतें. संकरित वाण टाकाऊ आहे असें कोणी शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. पण घेणाऱ्यास आपण काय घेत आहों हें ठाऊक असतें. सॉफ्टवेअरमधील भेद मात्र निसर्गानें केलेला नसून करारानें केलेला आहे. बियाण्याच्या बाबतींत आपल्या देशाच्या २००१ सालच्या वनस्पति वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानें शेतकऱ्यास आपल्या शेतांतील बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेव करण्याचा व ब्रँडचें नांव न लावतां विकण्याचाही हक्क मान्य केला आहे. सॉफ्टवेअर घेणाऱ्याच्या पाठीशीं असा कायदा उभा नाहीं. तेथें जें कांहीं हातीं येतें तें बहुतांशीं परवान्याच्या शब्दांनींच येतें. म्हणून परवाना वाचल्यावांचून सही करणें म्हणजे सात-बारा न पाहतां जमीन घेण्यासारखेंच आहे.

या चळवळीचा उगम एका अडलेल्या यंत्रापाशीं आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या प्रयोगशाळेंत १९८० च्या सुमारास छपाईचें एक नवें यंत्र आलें. तेथें काम करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनीं जुन्या यंत्राच्या आज्ञावलींत अशी सोय करून ठेविली होती कीं, कागद अडकतांच छापील प्रतीची वाट पाहणाऱ्यांस सूचना मिळावी. नव्या यंत्रासाठीं तीच सोय करावयाची म्हणून त्यांनीं मूळ लेख मागितला. परंतु ज्याच्यापाशीं तो होता तो गुप्ततेच्या करारानें बांधलेला असल्यामुळें त्यानें नकार दिला. दुरुस्ती करण्याचें ज्ञान अंगीं असून दुरुस्ती करतां येऊं नये, ही गोष्ट स्टॉलमन यांस सहन झाली नाहीं. १९८३ मध्यें त्यांनीं सर्वांस खुली अशी संपूर्ण संगणक-प्रणाली रचण्याचा संकल्प जाहीर केला, व १९८९ मध्यें तिच्यासाठीं एक सामान्य परवाना तयार केला. त्याची मुख्य अट अशी कीं, जो कोणी हें सॉफ्टवेअर सुधारून दुसऱ्यास देईल, त्यानें सुधारलेला मूळ लेखही त्याच मोकळिकीसह दिला पाहिजे. पुढें १९९१ मध्यें फिनलंडांतील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टोर्व्हाल्ड्स यांनीं लिनक्स या प्रणालीचा गाभा लोकांपुढें ठेविला, आणि लौकरच त्यास हाच परवाना लाविला. ओपन सोर्स हें नांव त्यानंतर, म्हणजे १९९८ मध्यें, रूढ झालें. सर्वच मुक्तस्रोत परवाने इतके कडक नाहींत. कांहींत सुधारलेला भाग झांकून ठेवण्यासही मोकळीक असते. हा भेद घेणाऱ्यानें समजून घ्यावा.

आतां व्यापाराच्या दृष्टीनें पाहूं. जी वस्तु कोणासही फुकट उतरून घेतां येते तिच्यावर धंदा कसा चालणार, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर अनुभवानेंच दिलेलें आहे. रेड हॅट नांवाच्या अमेरिकन कंपनीनें लिनक्सवरच आपला व्यापार उभारला. ती लिनक्सबद्दल नव्हे, तर तें पारखून, नीट बसवून, वर्षानुवर्षें दुरुस्त ठेवण्याबद्दल व अडल्या वेळीं धांवून येण्याबद्दल वर्गणी घेते. हा व्यापार इतका वाढला कीं, २०१९ मध्यें आय.बी.एम. कंपनीनें सुमारें ३,४०० कोटि डॉलर मोजून रेड हॅट विकत घेतली. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या प्रमुखांनीं २००१ मध्यें लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. त्याच कंपनीनें २०१८ मध्यें मुक्तस्रोत कारागिरांची सर्वांत मोठी पेठ जी गिटहब, ती ७५० कोटि डॉलरांस घेतली. जगांतील अत्यंत वेगवान अशा ५०० संगणकांच्या यादींत नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सखेरीज दुसरी प्रणाली आढळत नाहीं, आणि आपल्या सदऱ्याच्या खिशांतील अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. धंद्याचें गणित पक्कें कळणाऱ्या लोकांनीं हा मार्ग धरला आहे, हें यावरून दिसून येईल.

याची किंमत मोजण्याचा प्रयत्नही झाला आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या व्यापारशाळेशीं संबंधित संशोधकांनीं २०२४ मध्यें असा हिशेब मांडला कीं, जगांत सर्वत्र वापरांत असलेलें मुक्तस्रोत सॉफ्टवेअर एकदांच पुन्हां लिहून काढावयाचें म्हटलें तर सुमारें ४१५ कोटि डॉलर पुरतील. परंतु तें अस्तित्वांतच नसतें व प्रत्येक वापरणाऱ्या कंपनीस आपापल्यापुरतें निराळें लिहावें लागलें असतें, तर ८ लक्ष ८० हजार कोटि डॉलर लागले असते; कंपन्यांचा सॉफ्टवेअरवरील खर्च आजच्या साडेतीन पट झाला असता. असले हिशेब अंदाजाचेच असतात हें खरें. तरी या दोन आंकड्यांमधील अंतर पाहिलें म्हणजे एकदां केलेलें काम सर्वांनीं वापरण्यांत किती बचत आहे, हें ध्यानांत येतें.

परस्परांशीं चढाओढ करणारे कारखानदार एकाच आज्ञावलीवर आपले पगारी कारागीर कां बसवितात? याचें मर्म खानदेशांतील शेतकऱ्यास समजावून सांगावें लागणार नाहीं. पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर कित्येक शतकें फड पद्धतीनें पाणी दिलें जात असे. बंधारा सर्वांचा, पाट सर्वांचा. त्याखालील शेत मात्र ज्याचें त्याचें, आणि पिकाचा पैसाही ज्याचा त्याचा. पाणी देण्यास पाटकरी व राखणीस जागल्या नेमलेला असे, आणि पाटांतील गाळ काढण्याच्या कामीं लाभ घेणाऱ्यांनीं हातभार लावण्याची रीत होती. प्रत्येकानें आपल्यापुरता निराळा बंधारा घालूं म्हटलें असतें, तर एकाचाही पुरा झाला नसता. संगणकाच्या धंद्यांत लिनक्स हा असाच सामाईक बंधारा आहे. त्यांत आज होणारे बहुतेक फेरफार इंटेल, गूगल, रेड हॅट इत्यादि कंपन्यांचे पगारी कारागीर करितात. ज्या भागांत चढाओढ करून कोणासच जास्त नफा मिळावयाचा नाहीं, तो भाग त्यांनीं सामाईक केला आणि चढाओढ वरच्या शेतांत ठेविली.

शिवाय या बंधाऱ्यावर कोणास एकट्यास मालकी गाजवितां येत नाहीं. पत्रें लिहिणें व हिशेबाचे तक्ते करणें या कामीं येणारें ओपनऑफिस नांवाचें मुक्तस्रोत सॉफ्टवेअर ज्या कंपनीच्या आश्रयाखालीं होतें, ती कंपनी २०१० मध्यें ओरॅकल या दुसऱ्या मोठ्या कंपनीनें घेतली. नव्या धन्याच्या हातीं या कामाचें काय होईल, अशी शंका येतांच त्यांतील पुष्कळ कारागीर त्याच वर्षीं बाहेर पडले, त्यांनीं स्वतंत्र संस्था काढली, आणि तोच मूळ लेख घेऊन लिबरऑफिस या नांवानें काम पुढें चालविलें. तें आज मराठींतही वापरतां येतें. वापरणाऱ्यांचीं जुनीं दप्तरें वायां गेलीं नाहींत, कोणाची परवानगी मागावी लागली नाहीं. बंद सॉफ्टवेअरचा धनी बदलला असतां गिऱ्हाइकापुढें नवा दर मुकाट्यानें देणें किंवा सर्व सोडून नव्यानें आरंभ करणें, एवढे दोनच मार्ग उरतात. मुक्तस्रोताची खरी किंमत या तिसऱ्या मार्गांत आहे.

येथें फड पद्धतीचा दाखला एका ठिकाणीं लंगडा पडतो, तें सांगणें अवश्य आहे. पाणी वांटलें कीं कमी होतें. सॉफ्टवेअरच्या लाख प्रती काढल्या तरी मूळ प्रत तितकीच राहते. त्यामुळें वांटणीचीं भांडणें टळतात. परंतु त्याचमुळें गाळ काढण्याची आठवणही कोणास राहत नाहीं. पाटांत गाळ साचला तर शेवटच्या शेतकऱ्यास पाणी कमी पोंचतें व तो ओरड करितो. सॉफ्टवेअरमध्यें अशी ओरड होत नाहीं. सर्व कांहीं ठीक चाललें आहे असें वाटत असतां एके दिवशीं एकदम बांध फुटतो.

असा बांध २०१४ मध्यें फुटला. संगणकांमधील निरोप तिऱ्हाइतास वाचतां येऊं नयेत म्हणून ते कुलुपबंद करणारें ओपनएसएसएल नांवाचें मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आहे. बँकांपासून दुकानांपर्यंत असंख्य संस्थांचा व्यवहार त्यावर चालत असे. त्या वर्षाच्या एप्रिल महिन्यांत त्यांत एक चूक सांपडली. तिच्या योगें परक्यास संगणकाच्या स्मृतींतील गुप्त माहिती बाहेर काढतां येत होती, आणि ती दोन वर्षें कोणाच्याही लक्षांत आली नव्हती. तपास करितां असें दिसून आलें कीं, ज्यावर जगाचा एवढा व्यापार अवलंबून होता, त्या कामावर पूर्ण वेळ काम करणारा मनुष्य अवघा एक होता, व देणग्यांच्या रूपानें वर्षास सुमारें २,००० डॉलर जमत होते. एवढ्या रकमेंत एक चांगली बैलजोडीही यावयाची पंचाईत! मग मात्र मोठ्या कंपन्या जाग्या झाल्या, आणि त्याच महिन्यांत गूगल, मायक्रोसॉफ्ट, इंटेल आदि कंपन्यांनीं अशा कामांच्या राखणीसाठीं तीन वर्षें दर वर्षीं प्रत्येकीं निदान एक लक्ष डॉलर देण्याचें कबूल केलें. बांध फुटल्यावर माती टाकण्याचाच हा प्रकार होता. परंतु माती पडली हें त्यांतल्या त्यांत बरें झालें.

दुसरा प्रसंग २०२४ चा आहे व तो दोन्हीं बाजूंनीं बोधप्रद आहे. माहिती आकसून लहान करणारें एक्सझेड नांवाचें छोटें सॉफ्टवेअर एकच स्वयंसेवक अनेक वर्षें सांभाळीत होता. त्याच्यावरील भार पाहून एका अज्ञात व्यक्तीनें मदतनीस म्हणून प्रवेश केला, दोन वर्षांहून अधिक काळ प्रामाणिकपणें काम करून विश्वास संपादिला, आणि मग त्यांत एक चोरदार बसविलें. तें सर्वत्र पसरलें असतें तर असंख्य संगणकांत शिरण्याची किल्ली परक्याच्या हातीं गेली असती. पण आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास संगणकांत प्रवेश मिळण्यास नेहमींपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें आढळलें. मूळ लेख हातीं असल्यामुळें त्यांस मागोवा घेत उगमापर्यंत जातां आलें, आणि मार्च २०२४ अखेर हा कट उघडकीस आला. मूळ लेख खुला असल्यास चोरही तो वाचतो, अशी शंका पुष्कळजण काढितात. ती खोटी नाहीं. परंतु चोर बंद दाराचेंही कुलूप तपासतोच. फरक एवढाच कीं, बंद घरांत शेजाऱ्यास डोकावतां येत नाहीं. मात्र शेजारी डोकावलाच नाहीं तर दार खुलें असून काय उपयोग? खुलेपणा म्हणजे राखण नव्हे. खुलेपणानें राखण करणें शक्य होतें, इतकेंच.

शेतीच्या यंत्रांकडे वळलें कीं बंद सॉफ्टवेअरचा जाच अधिक स्पष्ट दिसतो. नव्या धर्तीच्या ट्रॅक्टरांत व कापणी-यंत्रांत लोखंडाइतकेंच सॉफ्टवेअरचें प्राबल्य आहे. हातांत पाना असून व भाग कोणता बिघडला हें कळत असूनही, संगणकानें नवा भाग मान्य केल्यावांचून यंत्र चालत नाहीं, अशी अमेरिकन शेतकऱ्यांची तक्रार कित्येक वर्षें चालू आहे. कोलोरॅडो राज्यानें २०२३ मध्यें कायदा करून यंत्र बनविणाऱ्यांनीं दुरुस्तीचीं साधनें, सॉफ्टवेअर व माहिती शेतकऱ्यास व स्वतंत्र मिस्त्र्यास दिली पाहिजे असें ठरविलें. जानेवारी २०२५ मध्यें अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें इलिनॉय व मिनेसोटा या राज्यांसह डीअर कंपनीवर दावा लाविला. दुरुस्तीचें संपूर्ण सॉफ्टवेअर आपल्या अधिकृत विक्रेत्यांपुरतें ठेवून कंपनीनें शेतकऱ्यांचा खर्च वाढविला, असा त्यांत आरोप आहे. कंपनीनें तो नाकारला आहे. निकाल कांहींही लागो, पेरणीच्या दिवसांत अधिकृत मिस्त्र्याची वाट पाहत यंत्र बांधावर उभें राहणें म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

याच्या उलट बाजूचें उदाहरण कॅनडांतील आल्बर्टा प्रांतांत आहे. तेथील ब्रायन टिशलर या धान्य पिकविणाऱ्या शेतकऱ्यांनीं उपग्रहाच्या संकेतांवरून ट्रॅक्टर सरळ तासांत चालविणारें अ‍ॅगओपनजीपीएस नांवाचें सॉफ्टवेअर स्वतः लिहिलें व त्याचा मूळ लेख सर्वांस खुला केला. जुन्याच ट्रॅक्टरच्या चक्रास लहानशी मोटार व साधा संगणक जोडून शेतकरी तें वापरतात, चुका कळवितात व सुधारणा सुचवितात. बियाण्यांच्या क्षेत्रांतही याच विचारानें प्रेरित होऊन अमेरिकेंत विस्कॉन्सिन येथें २०१४ मध्यें कांहीं वाणें अशा प्रतिज्ञेवर देण्यांत आलीं कीं, घेणाऱ्यानें त्यांच्या किंवा त्यांपासून केलेल्या वाणांच्या वापरास इतरांस मज्जाव करूं नये. संगणकवाल्यांनीं काढलेली रीत अशा प्रकारें पुन्हां शेतापर्यंत येऊन पोंचली आहे.

आतां आपल्या घरचा प्रश्न. केंद्र सरकारनें २०२२ मध्यें देशांतील ६३,००० प्राथमिक कृषि पतसंस्थांचें संगणकीकरण करण्याची योजना मंजूर केली व तिच्यासाठीं २,५१६ कोटि रुपये ठरविले. सर्वांस एक सामान्य सॉफ्टवेअर असावें, असें तिचें धोरण आहे. एकच असण्यांत सोय आहे. परंतु जें सर्वांस एकच आहे, त्यांतील दोषही सर्वांस एकदम भोंवतो. त्याच सरकारनें २०१५ मध्यें सरकारी कामांत मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचें धोरण जाहीर केलेलें आहे. सार्वजनिक पैशानें झालेल्या कामाचा मूळ लेख व माहितीचे नमुने जनतेस तपासतां यावेत, हें तत्त्व आमच्या संघांनीं धरून ठेवावें, आणि प्रत्येक बैठकींत त्याची विचारपूस करावी.

जें सॉफ्टवेअर संस्था स्वतः विकत घेतात, त्याच्या करारांत तर कांहीं अटी घालणें सर्वस्वीं आपल्याच हातीं आहे. पहिली अट माहितीची. सभासदांचीं खातीं, कर्जाची बाकी, दुधाची व उसाची नोंद ही संस्थेची मालमत्ता आहे. ती कोणत्याही दिवशीं, जादा आकार न देतां, दुसऱ्या सॉफ्टवेअरनें वाचतां येईल अशा सर्वमान्य नमुन्यांत परत मिळाली पाहिजे. ही अट बंद सॉफ्टवेअर घेतलें तरीही सोडूं नये. दुसरी अट मूळ लेखाची. जें खास संस्थेसाठीं लिहवून घेतलें, त्याचा मूळ लेख व फेरफार करण्याचा हक्क संस्थेकडे असावा. विक्रेता हें कबूल न करील, तर निदान मूळ लेख तिऱ्हाइतापाशीं अनामत ठेवावा व विक्रेत्याचा धंदा बंद पडल्यास तो संस्थेस मिळावा. तिसरी अट दुरुस्तीची: पहिल्या विक्रेत्याच्या कामानें समाधान न झाल्यास दुसऱ्या जाणत्या कारागिराकडून काम करून घेण्यास मनाई नसावी.

या कामीं साधनांची वाण नाहीं. मुंबईच्या फ्राप्पे कंपनीनें केलेलें ईआरपीनेक्स्ट हें हिशेब, साठा व खरेदी-विक्री सांभाळणारें सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे. पत्रव्यवहार व तक्त्यांस लिबरऑफिस आहे, आणि गांवाचा किंवा पाणलोटाचा नकाशा करण्यास क्यूजीआयएस आहे. केरळ राज्यानें तर आपल्या सरकारी शाळांतील संगणक-शिक्षण मुक्त सॉफ्टवेअरवरच चालविलें आहे, त्यामुळें तें जाणणारीं मुलें गांवोगांव तयार होतात.

तथापि घाईनें उडी घेण्याचा सल्ला आम्ही देत नाहीं. फुकट मिळालेलें बीही पेरणी, निंदणी व राखण मागतें. बसविणें, लेखनिकास शिकविणें, जुनीं खातीं नव्यांत उतरविणें या प्रत्येक गोष्टीस पैसा व वेळ लागतो. ज्या लहान संस्थेच्या आसपास जाणता मनुष्य नाहीं, तिनें एकटीनें हें धाडस केलें तर विक्रेत्याच्या बंधनांतून सुटून अडाणीपणाच्या बंधनांत पडण्याची भीति आहे. कांहीं कामांस बंद सॉफ्टवेअरच सरस असतें, तेथें तें घेण्यांत कमीपणा नाहीं. म्हणून आमची सूचना अशी कीं, एका तालुक्यांतील वीस-पंचवीस संस्थांनीं मिळून एक जाणता कारागीर पगारावर ठेवावा. एका संस्थेस न परवडणारी गोष्ट इतक्या जणांस सहज परवडेल. त्यानें सर्वांचें काम पाहावें, चुका सांपडल्यास त्या मूळ कर्त्यांस कळवाव्या, व केलेल्या दुरुस्त्या परत पाठवाव्या. आज विक्रेत्यांस निरनिराळा दिला जाणारा पैसा मग आपल्याच तालुक्यांतील एका होतकरू तरुणाच्या घरीं जाईल, व विद्याही येथेंच राहील.

राहिला राखणीचा वांटा. दर वर्षीं सॉफ्टवेअरमुळें जी बचत होईल, तिच्यांतील लहानसा हिस्सा त्या सॉफ्टवेअरच्या मूळ कर्त्यांस पाठविण्याची तरतूद अंदाजपत्रकांत असावी. बेंगळुरूच्या झिरोधा या शेअर-दलालीच्या पेढीनें २०२४ मध्यें मुक्तस्रोत कामांसाठीं वर्षास दहा लक्ष डॉलरपर्यंत देण्याचा निधि काढला. तिचाही हिशेब धर्मादायाचा नसून व्यापाराचाच असला पाहिजे; ज्या विहिरीचें पाणी पितो ती उपसून घेणें हा खर्च कोणी दानांत लिहीत नाहीं. आमच्या संस्थांकडून इतक्या मोठ्या रकमा अपेक्षित नाहींत. ज्यास पैसा देतां येत नाहीं त्यानें श्रम द्यावे. सॉफ्टवेअरमधील मराठी शब्द तपासून देणें, वापराची माहिती सोप्या मराठींत लिहिणें, आपल्या भागांतील मापांची व पिकांच्या नांवांची यादी करून पाठविणें, हीं कामें मुंबई-बेंगळुरूच्या कारागिरांपेक्षां आमच्या गांवचा शिकलेला शेतकरी अधिक चांगलीं करील.

सहकार हा शब्द आम्हांस नवा नाहीं. सावकाराच्या वहींत आपलें खातें असूं नये, तें आपल्याच सोसायटीच्या वहींत असावें, यासाठीं मागील पिढ्यांनीं पतसंस्था काढल्या. ती वही आतां संगणकांत गेली आहे. तिची किल्ली कोणापाशीं आहे, हें येत्या सर्वसाधारण सभेंत प्रत्येक सभासदानें विचारावें. आणि ती आपल्यापाशीं आणावयाची असेल, तर तिच्या सांभाळाचा खर्चही त्याच सभेंत मंजूर करावा.